मदत हवी आहे: जिओकॅशिंगच्या घरगुती स्पर्धेत गुण कसे द्यावेत?

मंडळी, इथे कुणी जिओकॅशिंग करतं का? सिएटलजवळ राहणारी आम्ही चार मराठी कुटुंबं या उन्हाळ्यात आपापसांत स्पर्धा घेतोय आणि गुणांच्या पद्धतीवर घोडं अडलंय.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: कुणीतरी लपवलेली डबी जीपीएसच्या आधारे शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची, डबी जशीच्या तशी परत ठेवायची आणि खेळाच्या साइटवर नोंद करायची. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी ऑरेगनमध्ये पहिली बादली लपवली गेली.

खेळाडूच्या नावापुढे दिसतो तो सापडलेल्या डब्यांचा आकडा. त्यावर स्पर्धा नको, याबद्दल आमचं एकमत आहे. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं, आणि काही रस्त्यांच्या कडेने जवळपास तेवढ्याच अंतरावर ओळीने डब्या लावलेल्या असतात. तिथे एक दिवस गाडी फिरवली की झालं, आणि दिवसभर डोंगर चढून एकच डबी शोधणारा मात्र मागे.

मग प्रत्येक डबीला दिलेले काठिण्य (डी, म्हणजे शोधायला किती अवघड) आणि वाट (टी, म्हणजे तिथवर पोचायला किती अवघड) यांचे अंक पाहिले (दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे). बेरीज केली तर सोप्यात सोप्या डबीला २ आणि अवघडात अवघड डबीला १०, म्हणजे फरक जेमतेम पाचपट. गुणाकारात १ विरुद्ध २५. गुणाकार मला पटला होता, पण टी ५ म्हणजे बहुतेकदा होडी, दोर असलं सामान लागतं. कयाक भाड्याने घेणं ज्याला परवडतं त्याने जिंकावं, हे मला मान्य नाही. आमच्यातल्या एका घरी तान्हं बाळ आहे, दुसऱ्या घरी पुण्याहून सासू-सासरे आलेत. व्हीलचेअर जाईल अशा टी १ च्या जागीसुद्धा त्यांना चुरस वाटली पाहिजे.

सगळ्यात आधी शोधणाऱ्याला (एफटीएफ) जादा गुण द्यावेत, असं एक मित्र म्हणतो. माझा ठाम विरोध आहे. नव्या डबीची सूचना आली की लोक रात्री-अपरात्री गाडी काढतात, आणि आमच्याबरोबर मुलं असतात.

सध्याचा विचार असा: डी आणि टीचा तक्ता केला की ९ गुणिले ९, म्हणजे ८१ घरं होतात. ती सगळी भरायच्या मागे बरेच मुरलेले खेळाडू असतात. आम्ही ३.५ पर्यंतचीच ३६ घरं घ्यायची. घर पहिल्यांदा भरलं की गुण, त्याच घरातल्या दुसऱ्या डबीला काही नाही. ओळीने लावलेल्या डब्यांचा प्रश्न आपोआप मिटतो.

पण आम्ही बहुतेक वेळा एकत्रच जातो. मग सगळ्यांची घरं सारखीच भरणार, त्याचं काय करावं? कोड्याच्या डबीचं (कोडं सुटल्यावरच जिची जागा कळते) उत्तर एकाने काढून व्हॉट्सॲपवर टाकलं तर गुण कुणाचे? आणि डबी न सापडल्याची नोंद (डीएनएफ) केल्याबद्दल थोडे गुण द्यावेत का? डबी हरवली असेल तर लपवणाऱ्याला त्यातूनच कळतं, म्हणून मुलांना ती सवय लागावी असं मला मनापासून वाटतं.

अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (म्युनिकहून):
तक्त्याची कल्पना उत्तम. एकत्र जाता तेव्हा आम्ही करतो तसं करा. डबी ज्याला दिसेल त्याने हात न लावता, काही न बोलता दूर जाऊन बसायचं आणि मग ठरलेला शब्द उच्चारायचा. बाकीचे शोधत राहतात. स्वतः शोधणाऱ्याला पूर्ण गुण, दुसऱ्याची मदत घेणाऱ्याला अर्धे. कोड्याचं उत्तर मिळवलेल्यालाही अर्धेच. डीएनएफला गुण द्या, पण एका डबीसाठी एकदाच.

धागाकर्ती:
खूप आभार! अर्ध्या गुणांमुळे कोड्याचाही प्रश्न सुटला. फक्त एक विचारते: पाच-सहा वर्षांची मुलं आईबाबांच्या नजरेवरूनच डबी ओळखतात. त्यांना पूर्ण गुण देता की तिथेही अर्धे?