किल्पेकच्या चर्चबद्दल मदत हवी आहे

मंडळी, इंग्लंडमधल्या हेरफर्डजवळ किल्पेक गावातलं सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड चर्च पाहून आलो. साधारण ११४० सालचं, रोमनेस्क (गोल कमानींच्या, मध्ययुगीन) शैलीतलं, लाल वालुकाश्माचं. आकाराने छोटंसंच! पण छपराखाली भिंतीबाहेर आलेल्या दगडांवर ८०हून जास्त शिल्पं. त्यातलं कुत्रा-सशाचं जोडपं तर थेट व्यंगचित्रातलं वाटतं. दक्षिण दाराच्या खांबावर वेलीत गुरफटलेले योद्धे आहेत.

दोन शंका आहेत. ९०० वर्षं पावसात राहूनही नक्षी इतकी ठसठशीत कशी? आणि याच धाटणीचं काम त्याच भागातल्या अर्डिस्ली, शॉब्डन या गावांतही आहे म्हणे. गाडी नसताना दोन्ही एका दिवसात होतील का? कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा. यावेळी दुर्बीण नेणार, मागच्या खेपेला मान मोडली.