मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यांसाठी हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्या द्याव्यात का?

आई ६८ वर्षांची. गुडघ्यांची झीज झालीय, सकाळी उठल्यावर सूज आणि आखडलेपणा. सांगलीच्या मावशीने घरची हळद पाठवली, शिवाय "कर्क्युमिनच्या गोळ्या सुरू कर, माझे गुडघे सुधारले" असा फोनही. मावशीपुढे कोण बोलणार!

मी थोडं वाचलं. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्केच असतं, म्हणजे चमचाभर हळदीच्या दुधातून फारसं काही जात नाही. पेशींमध्ये दाह पेटवणारा एनएफ-कप्पा-बी नावाचा 'स्विच' ते दाबतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. अडचण अशी की ते आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. म्हणून गोळ्यांत मिरीतलं पिपरिन घालतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २० मिलिग्रॅम पिपरिन सोबत दिल्यावर माणसांत हे शोषण २००० टक्क्यांनी वाढलेलं दाखवलं होतं.

माझी भीती इथेच आहे. आईच्या हृदयाची झडप बदललेली असल्याने ती वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेते. पिपरिनमुळे इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं ना? कर्क्युमिनने रक्त आणखी पातळ होऊ शकतं, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणंही नोंदली गेलीत.

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे, तोवर गोळ्यांचं पाकीट बंदच. वॉरफेरिन चालू असताना कुणाच्या घरी हे घेतलंय का? आयएनआरमध्ये (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीत) फरक पडला? इथे कुणी फार्मसिस्ट असतील तर डॉक्टरांना नेमकं काय विचारू तेही सांगा. आणि भाजी-आमटीतली हळद तरी चालेल ना?