वाड्यातल्या छोट्या संग्रहालयासाठी ऑडिओ गाइड: सेन्सर, बीकन, क्यूआर की साधं बटण?

वाडा_सातारा

नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ एका जुन्या वाड्यात गावच्या ट्रस्टचं छोटं संग्रहालय आहे. पाच खोल्या, २४ वस्तू: हत्यारं, नाणी, पगड्या, पालखी, मोडी कागद, आणि एक तंबोरा. माहिती सांगायला माणूस एकच, आणि शाळेची सहल आली की एका वेळी ५०-६० मुलं. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही हवं आहे.

अडचणी अशा: भिंती दोन-अडीच फूट जाड, मधल्या दोन खोल्यांत मोबाइलला रेंज नाही, दुपारी वीज जाते, आणि भिंतीला ड्रिल लावायचं नाही असं ठरलेलं आहे. एका विक्रेत्याने माणूस समोर आला की आपोआप बोलणारा सेन्सर-स्पीकर सुचवला आहे, दुसऱ्याने ब्लूटूथ बीकनवर (वस्तूजवळ ठेवायचं, फोनला सतत सिग्नल देणारं छोटं यंत्र) चालणारं ॲप. काय घ्यावं? बिघाड झाला तर गावातल्या वायरमनला दुरुस्त करता आला पाहिजे, ही मुख्य अट.

कऱ्हाडचा_सोल्डर

सेन्सरवर सुरू होणारा स्पीकर घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा पीआयआर सेन्सर असतो. तो माणूस ओळखत नाही, उष्णतेतली हालचाल ओळखतो. चौकातलं ऊन सरकलं, गरम वाऱ्याची झुळूक आली की तोही चालू. नेहमी मिळणाऱ्या पीआयआरचा पल्ला सात मीटरपर्यंत आणि कोन शंभर अंशांच्या वर, म्हणजे पालखीपुढे उभा राहिलेला माणूस शेजारचं हत्यारांचं कपाटही बोलतं करणार. सहल आली की पाचही खोल्या एकदम बोलायला लागतात, कुणालाच काही ऐकू येत नाही, आणि दिवसभर तेच ऐकून कंटाळलेला राखणदार आवाज शून्यावर नेऊन ठेवतो.

बीकनचं दुखणं वेगळं. सिग्नल २.४ गिगाहर्ट्झचा, तो माणसाच्या अंगातही शोषला जातो. समोर दहा जण उभे राहिले की अंतराचा अंदाज एक-दोन मीटर सहज चुकतो. दोन कपाटं दीड मीटरवर असतील तर पगडीसमोर नाण्यांची माहिती लागते. शिवाय ॲप डाउनलोड करा, ब्लूटूथ चालू करा, परवानगी द्या. दाराशी उभं राहून एवढं कोण करणार?

तुम्हाला हवा आहे तो उचलायचा रिसीव्हर. जुन्या एसटीडी बूथवर असायचा तसा, स्टीलच्या वेढ्याच्या दोरीचा. उचलला की सुरू, ठेवला की बंद. आवाज एकाच कानात जातो, शेजारच्याला त्रास नाही. सगळ्या २४ वस्तूंना नको, आठ निवडा. बाकीच्यांना क्यूआर.

एका ठिकाणाला लागणारं सामान: डीएफप्लेयर मिनी मॉड्यूल (कार्डावरचा आवाज वाजवणारी छोटी पट्टी), आर्डुइनो नॅनो (बटणं वाचून त्याला हुकूम देणारा छोटा कंट्रोलर), मायक्रोएसडी कार्ड (३२ जीबीपेक्षा मोठं चालत नाही, फॉरमॅट फॅट३२), रिसीव्हर, रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा), छोटं निओडायमियम चुंबक, भाषेची तीन बटणं, १२ वरून ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर. चुंबक रिसीव्हरच्या दांड्यात चिकटवा, रीड स्विच पेटीच्या आत. बाहेर काहीच हलणारं नसल्याने मुलांनी आपटला तरी हुक मोडायचा प्रश्न नाही. जुन्या रिसीव्हरमधला कानाकडचा कॅप्सूल बहुतेक वेळा १५० ओहमच्या आसपास असतो, त्यात आवाज कमी येतो. तो काढून ३२ ओहमचा बसवा.

चुका नेहमी त्याच होतात, म्हणून आधीच सांगतो. नॅनो ५ व्होल्टवर आणि मॉड्यूलची सिरीयल जोडणी (नॅनोकडून हुकूम येते ती) ३.३ वर चालते. मधे १ किलोओहमचा रेझिस्टर घातला नाही तर सतत खरखर येते. आवाज एकदम वाढला की व्होल्टेज खाली बसतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मॉड्यूलच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हे थांबतं. फाइल्स "एमपी३" नावाच्या फोल्डरमध्ये चार आकडी नावांनी ठेवा: ०००१, ०००२ (फोल्डर आणि आकडे इंग्रजी लिपीत). नुसत्या टाकल्यात तर मॉड्यूल त्या कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतं आणि तलवारीला पगडीची माहिती लागते.

वायरिंग ५ व्होल्टचं ओढू नका. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने ३० मीटर गेलात की जाऊन-येऊन साधारण २ ओहम. अर्धा अँपिअर वाहिला की १ व्होल्ट तिथेच गेला. १२ व्होल्ट न्या आणि प्रत्येक पेटीत बक लावा. आठ पेट्यांना १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी चार्जरसह जोडली की दुपारची वीज गेली तरी पाच-सहा तास निघतात. ड्रिल नको असेल तर पेटी जड पायाच्या लोखंडी स्टँडवर, वायर फरशीच्या कडेने पीव्हीसी पट्टीतून.

वाडा_सातारा

आठचा हिशोब पटला. उरलेल्या १६ वस्तूंचं क्यूआर रेंज नसलेल्या खोल्यांत कसं चालेल? आणि आवाज संगणकाचा चालेल का?

लिंबफाटा

क्यूआरचं माझ्याकडून.

दारातच एक मोठा क्यूआर लावा, "आत रेंज नाही, इथेच उतरवून घ्या" असं लिहून. तो उघडला की पान सगळ्या फाइल्स फोनमध्ये साठवतं. दीड मिनिटाची मोनो फाइल ६४ केबीपीएसला (सेकंदाला इतका डेटा) साधारण ७२० केबी, म्हणजे १६ वस्तू एका भाषेत ११-१२ एमबी. आधी भाषा विचारा, मगच उतरवा.

इथे एक खाच आहे. अँड्रॉइडवर सगळं नीट चालतं आणि आयफोनवर साठवलेली फाइल वाजतच नाही. सफारी ऑडिओ तुकड्यातुकड्याने मागतं. सर्व्हिस वर्करने (साठवलेल्या फाइल्स रेंज नसताना पुरवणारा पानामागचा कोड) अख्खी फाइल साध्या २०० उत्तराने ("ही घ्या पूर्ण फाइल") दिली तर ते नाकारतं. २०६ चं ("हा घ्या मागितलेला तुकडा") उत्तर द्यायची सोय करून घ्या आणि पैसे देण्याआधी एका आयफोनवर विमान-मोड लावून तपासा. आतमध्ये इंटरनेट नसलेला वाय-फाय बसवायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा: फोन "इंटरनेट नाही" म्हणत परत डेटावर जातात, आणि साध्या एचटीटीपीवर सर्व्हिस वर्कर चालत नाही.

कोडचा आकार वाचायच्या अंतराच्या एक दशांश ठेवा. ४० सेंटिमीटरवरून वाचायचा असेल तर ४ सेंटिमीटर, चारही बाजूंनी पांढरी कडा. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत कागदावर दिव्याचा झोत परावर्तित होऊन कोड वाचला जात नाही. काचेवर चिकटवू नका. कोडखाली वस्तूचा क्रमांक ठळक लिहा, म्हणजे कॅमेरा बिघडलेला माणूस आकडा टाइप करून ऐकेल. पत्ता ट्रस्टच्या स्वतःच्या डोमेनचा असू द्या. फुकट "डायनॅमिक" क्यूआरची (दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावरून वळवणाऱ्या) मुदत संपली की छापलेल्या सगळ्या पाट्या वाया.

आवारात विहीर वगैरे असेल तर तिथेही हेच क्यूआर. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीसारख्या दगडी जागेत स्पीकर लावला तर शब्द घुमून एकमेकांत मिसळतात. फोन कानाला लावूनच ऐकायला हवं. आणि संरक्षित स्मारक असेल तर परवानगीशिवाय दगडाला हात लावायचा नाही.

मिरजेची_जवारी

संगणकाचा आवाज इंग्रजीला एक वेळ चालेल. मराठीला माणूसच घ्या. "चाक" आणि "चार" यांतला च, "जग" आणि "जरी" यांतले ज, हे यंत्र अजूनही चुकतं, आणि नेमकं "जांबिया", "चिलखत" यांवर अडखळतं. गावातली स्वच्छ बोलणारी शिक्षिका याहून कितीतरी बरी.

मजकूर मिनिटाला १२०-१३० शब्दांच्या गतीने धरा. ७५ सेकंदांना दीडशे शब्द पुरतात. २४ वस्तू × ७५ सेकंद म्हणजे नुसतं ऐकणंच अर्धा तास झालं, त्यामुळे लांबवू नका. पहिलं वाक्य नजर कुठे न्यायची ते सांगणारं हवं: "मुठीच्या खाली, पात्यावर सोन्याची नक्षी दिसते." जन्म-मृत्यूच्या सनावळ्या पाटीवर राहू द्या. शके आणि इसवी सन दोन्ही वाचू नका, ऐकणारा गोंधळतो. इसवी सन अक्षरी लिहून द्या, "सतराशे एकोणीस" असा.

रेकॉर्डिंग रात्री, पंखा बंद, भिंतींना गोधड्या लावलेल्या खोलीत. तोंडापासून माइक एक वीत, थोडा तिरपा, म्हणजे "प", "फ" चे धक्के बसत नाहीत. सगळ्या फाइल्स −१६ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणा, नाहीतर प्रत्येक वस्तूला आवाज कमी-जास्त करावा लागतो. सुरुवातीला अर्धा सेकंद शांतता ठेवा; रिसीव्हर कानापर्यंत येईस्तोवर पहिला शब्द निघून जातो.

आता तुमचा तंबोरा. त्याचं वर्णन वीस सेकंदांत आटपा आणि उरलेला वेळ तो वाजू द्या. पण ६४ केबीपीएस इथे चालणार नाही. जवारीतून (तारेखालच्या घोडीच्या घासून जुळवलेल्या पृष्ठभागातून) निघणारे वरचे स्वर दाबले जातात आणि तंबोरा डब्यासारखा वाजतो. ही एक फाइल १९२ ला ठेवा, आणि शक्यतो स्टीरिओ. खर्जाची तार ६०-७० हर्ट्झच्या आसपास असते, ती रिसीव्हरच्या कॅप्सूलमधून किंवा बोटभर स्पीकरमधून येतच नाही; तिथे कान झाकणारा हेडफोन लावा. रेकॉर्डिंगला मिरजेतला जुळवून दिलेला तंबोरा घ्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा तिथल्या सतारमेकर गल्लीत विचारलंत तर जवारी उघडताना रेशमाचा दोरा कसा सरकवतात तेही रेकॉर्ड करून मिळेल. दोरा नसताना आणि असताना, असे दहा-दहा सेकंद लागोपाठ ऐकवा.

कऱ्हाडचा_सोल्डर

वरच्यात एक भर: हेडफोन असेल तर मॉड्यूलच्या स्पीकर पिनांवर जोडू नका, डीएसीच्या (डाव्या-उजव्या आवाजाच्या) दोन पिना आणि ग्राउंड घ्या, स्टीरिओ तिथूनच मिळतो. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी, वायरची भोकं खालच्या बाजूला. रिसीव्हर रोज ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, फवारा मारू नका, जाळीतून आत जातं. दोन रिसीव्हर दोरीसकट आणि कॉपी केलेली दोन कार्डं कपाटात तयार ठेवा. सगळ्यात आधी दोरीच तुटते, तीही पेटीत शिरते त्या जागी.