अनुभव धागा: झाडांनी तुमच्याकडून काय करून घेतलं?

खत कोणतं घालायचं आणि मिलीबगवर काय फवारायचं यासाठी ढीगभर धागे आहेत, ते तिकडेच विचारा. इथे वेगळं हवंय. बाग, एखादं झाड, पान, गॅलरीतली कुंडी, काहीही बघून तुम्ही काही केलंत का, म्हणजे चित्र, कविता, भरतकाम, फोटो, चाल, डिझाइन, आणि ते झाडातल्या नक्की कशामुळे सुचलं ते लिहा. 'निसर्ग हाच खरा गुरू' टाइप वाक्यं नकोत प्लीज, ती आपण सगळ्यांनी निबंधात लिहून झालीयेत.

सुरुवात मीच करते. मी भरतकाम करते. जास्वंद काढ म्हटलं की आपण पाच पाकळ्या सुट्ट्या सुट्ट्या गोलात मांडतो. पण साधी एकेरी जास्वंद हातात धरून बघा, प्रत्येक पाकळीची एक कड एका शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली, पाचही तशाच, त्यामुळे सगळ्यात वरची पाकळी कुठली हे सांगताच येत नाही. आता हे टाक्यांत आणायचं तर सुरू कुठून करणार? ज्या पाकळीपासून सुरू करू ती पूर्ण खाली दबते. मग मी पहिल्या पाकळीची एक कड मोकळीच सोडली, बाकी चार ओळीने एकावर एक भरल्या आणि शेवटी परत येऊन ती राहिलेली कड पाचवीवर चढवली. मधल्या दांडीवर परागांसाठी पिवळे गाठीचे टाके आणि टोकाला जे पाच ठिपके असतात ते लाल. लोक विचारतात हे फूल फिरतंय असं का वाटतं. खऱ्याकडे बघा म्हणावं, तेही तसंच आहे.

वेलांटी
मस्त धागा! मी तारेचे दागिने बनवते, त्यामुळे माझं सगळं लक्ष वेलींच्या तणाव्यांकडे. काकडी, कारलं, दोडका, कुठलाही वेल चालेल. तणावा आधी सरळ असतो, काठीला टोक गुंडाळलं की मग मधला भाग स्प्रिंगसारखा आवळत जातो आणि वेल आधाराकडे ओढला जातो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण जवळून बघितलंत तर अर्धी वेटोळी उजवीकडे फिरतात आणि अर्धी डावीकडे, आणि मध्ये एक छोटासा सरळ तुकडा असतो जिथे दिशा उलटते. मला वाटलं हा एखाद्याच तणाव्याचा चक्रमपणा असेल, तर नाही, दोन्ही टोकं धरलेल्या प्रत्येकात तेच. डार्विननेही वेलींवरच्या अभ्यासात हे नोंदवलंय. कारण सोपं आहे, दोन्ही टोकं पक्की असली की एकाच दिशेने पीळ देता येत नाही, जेवढे इकडे तेवढेच तिकडे द्यावे लागतात. टेलिफोनच्या जुन्या वायरीत असला उलटा पीळ पडला की आपण वैतागून सोडवत बसायचो! आता माझ्या कानातल्यांमध्ये तो सरळ तुकडा मुद्दाम ठेवते आणि तिथेच मणी ओवते, ओढ बसली तरी मणी जागचा हलत नाही कारण दोन्हीकडून वेटोळी त्याला अडवून धरतात. डिझाइन माझं नाही, कारल्याचं आहे.

अर्धविराम
वेलांटी, आत्ता उठून जाऊन बघून आलो. खरंच उलटतो!! इतकी वर्षं पाणी घालतोय त्या वेलाला.

लूपमध्येअडकलेला
मी कोड लिहितो, कलाबिला काही येत नाही. सूर्यफुलाच्या चकतीत बिया ज्या वळणांनी बसतात ती मोजलीत तर बहुतेक वेळा एका बाजूने 34 आणि दुसऱ्या बाजूने 55 येतात, मोठ्या फुलात 55 आणि 89. हे स्क्रीनवर काढायला अगदी चार ओळी लागतात, प्रत्येक नवा ठिपका आधीच्यापासून सुमारे 137.5 अंश फिरवायचा आणि केंद्रापासूनचं अंतर क्रमांकाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढवायचं, बस्स, सूर्यफूल तयार. मग मी कोन 137 केला. एवढ्याशा फरकाने चकतीत आरे दिसायला लागले, मध्ये रिकाम्या फटी. त्या फटीवाल्या चकत्याच प्रिंट करून भिंतीवर लावल्यात, मला त्या जास्त आवडतात.
जाता जाता, सगळीकडे गोल्डन रेशो (साधारण 1.618 हे गुणोत्तर, वरचा 137.5 चा कोन त्यातूनच येतो) शोधत फिरणाऱ्यांचा मला फार कंटाळा येतो. झाडांत तो येतो कारण नवीन कोंब आधीच्यांपासून जिथे जास्त जागा असेल तिथे फुटतो. त्यात गूढ वगैरे काही नाही.

सावकाश
मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन. जलरंगात काम करतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी एका डोळ्याचं झालं आणि घरी आल्यावर कुंडीतल्या गोकर्णाकडे बघितलं तर एवढं निळं फूल मी आयुष्यात पाहिलेलं नाही असं वाटलं. दुसरा डोळा उघडला की तेच फूल मळकट. पिकलेलं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग अडवतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं पण कळलं ते त्या फुलासमोर. मग दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत मी एकच उद्योग केला, तेच फूल एकेक डोळा झाकून दोनदा रंगवायचं. जोड्या शेजारी ठेवल्या की दोन वेगळ्या माणसांनी काढल्यासारख्या दिसतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचंही असंच झालं होतं. 1893 साली त्याने जिव्हेर्नी या आपल्या गावी बागेशेजारची जागा घेऊन तिथे कमळांचं तळं केलं, आणि त्या कमळांची सुमारे 250 चित्रं काढली. त्यातली उतारवयातली काही लाल-तपकिरी होत गेलीत, 1923 मध्ये त्याचं ऑपरेशन झालं. पूर्वी मला वाटायचं ती मुद्दाम घेतलेली शैली असेल.

अर्धविराम
सावकाश काका, त्या जोड्यांचे फोटो टाका ना इथे.

सावकाश
टाकतो. नातवाला पकडावं लागेल.

ऊनसावली
मी शाळेत कला शिकवते. मुलांना 'पान काढा' सांगितलं की बदामाच्या आकारात मधली एक रेघ, संपलं. म्हणून मी सायनोटाइप करून घेते. कागदाला फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइडचं मिश्रण लावायचं (हे काम मी हातमोजे घालून आधीच उरकते), अंधारात वाळवायचं, वर पान ठेवून काच दाबायची आणि उन्हात ठेवायचं. नंतर नुसत्या पाण्याने धुतलं की ऊन लागलेला भाग निळा आणि पान पांढरं. 1842 मधली पद्धत आहे, आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या इंग्लंडमधल्या वनस्पती-अभ्यासक बाईंनी ती वापरून समुद्रशेवाळांचं पुस्तक काढायला घेतलं, फोटोंनी सजवलेलं पहिलं पुस्तक म्हणतात ते हेच.
मुलं सुरुवातीला फुलं शोधून आणतात आणि नाराज होतात, कारण लाल असो की पिवळं, सगळं पांढरंच उमटतं. मग हळूहळू आकार बघायला लागतात. एका मुलीने अळीने खाल्लेलं पान आणलं, प्रत्येक भोक निळं उमटलं, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग खाल्लेलीच पानं शोधत होता.

वेलांटी
@ऊनसावली, तणावे ठेवले तर येतील का नीट? जाड असतात, कागदापासून वर उचललेले राहतात.

ऊनसावली
जिथे कागदाला टेकतील तिथे कडा धारदार येईल, उचललेल्या भागाची धूसर. मी म्हणेन काचेने चेपूच नका, तसेच ठेवा. फक्त सकाळच्या तिरप्या उन्हात करू नका, सावली लांबते आणि वेटोळी एकमेकांवर चढतात.