अनुभव धागा: हार्ड डिस्क बंद पडली, आता डेटा कसा काढायचा?

पावसाळा लागला की हा विषय निघतोच. डिस्क बसल्यावर नेमकं काय करायचं आणि काय टाळायचं, ते लिहा. ‘बॅकअप घ्यायला हवा होता’ हे सगळ्यांना कळलंय, ते नको.

गिरगावकर
वीज दिल्यावर पहिले दहा सेकंद कान लावून ऐका. टक्-टक्-टक् असा ठेका धरून फिरणं थांबलं, तर बहुधा हेड, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणारं टोक, गेलंय. अडीच इंची डिस्क बारीक ‘बीप’ देत असेल तर हेड तबकडीला चिकटलंय किंवा मोटर जाम आहे. दोन्हींत सॉफ्टवेअर कुचकामी. लगेच बंद करा. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते वाकडं झालं असेल तर दर वेळी चालू केल्यावर पृष्ठभाग खरवडला जातो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना तोडगा मुंबईत तर नकोच. जुलैच्या दमट हवेत बाहेर काढली की दव धरलंच.

बोर्डवाला
आवाजच नसेल तर बोर्ड, म्हणजे डिस्कच्या खालची सर्किटची पट्टी, बघा. घरात सगळे काळे अडॅप्टर एकाच खणात असतात, पिनही बसते, आणि १२ व्होल्टच्या बाहेरच्या डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लागतो. तेव्हा वीज येते त्या कनेक्टरजवळचा टीव्हीएस डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं वाचवतो. वीज काढून मल्टिमीटर बझरवर लावा. दोन्ही टोकांत सलग वाजला तर तो डायोड काढून टाका. डिस्क बहुतेकदा फिरते. आता संरक्षण उरलेलं नाही, म्हणून योग्य अडॅप्टर लावून आधी कॉपी. बझर वाजला नाही तर डायोडला हात लावू नका.
त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावून भागत नाही. आठ पायांच्या रॉम चिपमध्ये त्या-त्या डिस्कची मापं असतात, ती चिपही हलवावी लागते. काही बोर्डांवर ती वेगळी दिसतच नाही, मुख्य चिपमध्येच असते.
बोर्ड उघडलाच आहे तर मागचे हेडचे संपर्क बघा. खाऱ्या हवेने काळे पडले असतील तर पेन्सिलचं खोडरबर हलक्या हाताने फिरवा.

उणे_एन
डिस्क दिसते पण फोल्डर उघडताना लटकते, तर सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, खराब आहेत. विंडोज ‘फॉरमॅट करायचं का’ विचारेल, नाही म्हणा. विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्कही चालवू नका, ते मरत्या डिस्कवरच लिहितं. बाहेरच्या यूएसबी डबीतून काढून थेट संगणकाच्या आतल्या साटा जोडणीला जोडा. ज्यांचा यूएसबी बोर्डावरच डकवलेला आहे त्यांना हे जमत नाही.
मग लिनक्समधून डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कची नव्या डिस्कवर जशीच्या तशी प्रतिमा काढणारा प्रोग्राम. पहिल्या फेरीत ‘-एन’, म्हणजे सोपं ते आधी निघतं. दुसरीत ‘-डी -आर३’, म्हणजे हट्टी सेक्टरांवर तीन प्रयत्न. मॅपफाइल, म्हणजे कुठवर कॉपी झालं त्याची नोंद, द्याच, मध्येच वीज गेली तर तिथूनच पुढे. मूळ आणि नवी डिस्क सिरियल नंबरवरून पडताळा. उलटं झालं तर मोकळी डिस्क भरलेलीवर लिहिली जाते. नवी डिस्क मोठी हवी. धडधाकट १ टीबीला १०० एमबी प्रतिसेकंदाने पावणेतीन तास लागतात, आजारी डिस्कला दिवस. फाइली शोधायच्या त्या प्रतिमेतून: टेस्टडिस्क पार्टिशन शोधतं, फोटोरेक फाइली उचलतं पण नावं जातात.

चाळकरी
गिरगावकर, पाणी शिरलेल्या डिस्कचं राहिलं. वाळवायला ठेवू नका, तांदळातही नाही. पाणी सुकलं की क्षार तबकडीवर चिकटतात. ओलीच झिपच्या पिशवीत घालून डेटा काढून देणाऱ्या लॅबला द्या. चालू तर करूच नका.

बोर्डवाला
एसएसडीवर चुकून पुसलेल्याचं मात्र वेगळं. ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा एसएसडीला कळवायची सोय, चालू असेल तर ते ब्लॉक कंट्रोलरने मोकळे केलेले असतात. मग बहुतेकदा लॅबही काही करू शकत नाही. विंडोजचं बिटलॉकर कुलूप लावलेलं असेल तर ४८ आकडी किल्ली आधी शोधा.

गिरगावकर
लॅबला देताना उघडण्याआधी लेखी अंदाज मागा, पैसे देण्याआधी फाइलींची यादी, आणि काम झाल्यावर मूळ डिस्क परत. मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार लॅमिंग्टन रोड असो वा कोपऱ्यावरचं दुकान, काउंटरवर पंख्याखाली झाकण उघडायला निघालेल्याच्या हातून डिस्क काढून घ्या.