टर्बो कंपनीचाच हवा, हा हट्ट कशाला?

काकतीकर
आपल्याकडं टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, गेला की दोनच सल्ले मिळतात. शोरूमला जाऊन कंपनीचा नवा टाक, नाहीतर गाडी काढून टाक. मला दोन्ही पटत नाहीत. माझी 1.3 डिझेल, 2013 ची, 1,70,000 किलोमीटर पळालेली. गेल्या आठवड्यात हत्तरगीचा टोल ओलांडून वंटमुरीच्या घाटाला लागलो आणि पिकअपच गेला. मागनं निळा धूर एवढा, की मागचा ट्रकवाला लाइट मारून मारून दमला. शोरूममध्ये आकडा ऐकला आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

अहो, कारच्या कंपन्या टर्बो सहसा स्वतः बनवत नाहीत. गॅरेट, बोर्गवॉर्नर, आयएचआय, मित्सुबिशी हे बनवणारे. तोच माल टर्बोवाल्याच्या डब्यातनं आला की एक भाव, कारवाल्याच्या डब्यातनं आला की दुसरा. पुठ्ठ्याचे पैसे मी का देऊ? वर रिकंडिशन, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला, आहेच. आणि खोलायचंच हाय तर जरा मोठा का बसवू नये? हेच 1.3 इंजिन 75 हॉर्सपॉवरमध्ये यायचं आणि 90 मध्येपण. 90 चा टर्बो माझ्या 75 वाल्याला टाकला की घाटात गिअर पाडायचं काम नाही. माझं मत झालंय. कुणाला खोडायचं असेल तर खोडा.

उद्यमबागचा मिस्त्री
अण्णा, डब्याचं बोललात ते निम्मं खरं. पण एवढं सगळं लिहिलंत आणि टर्बो कशानं गेला तेच नाही लिहिलं.

त्याचा शाफ्ट मिनिटाला 2,00,000 च्या वर फेरे घेतो. बॉल बेअरिंग नसतं त्यात, तुमच्या-आमच्या गाड्यांत तरी नाही. शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतोय. एका बाजूला लालभडक धूर, दुसऱ्या बाजूला गार हवा आणि मध्ये ते तेल. ते दोन सेकंद तुटलं तर गॅरेट असो की आणि कोण, सगळे सारखेच.

मागच्या उसाच्या सीझनला चिकोडीकडचा एक जण आला. नवाकोरा टर्बो, बिल खिशात, आठवड्यात जाम झाला. दुकानदाराला शिव्या घालत होता. मी टर्बोला तेल नेणारी फीड लाइन काढली आणि हॅक्सॉनं उभी कापली. आत काजळी. तव्याच्या बुडाला धरते तशी, नखानं निघत नव्हती. मध्ये सुई जाईल एवढीच वाट. जुना टर्बो त्यानंच गेलेला, नवापण त्यानंच गेला. लाइन बदलायला सांगितली होती म्हणे, त्यानं पैसे वाचवले.

म्हणून कुठलाही टर्बो घ्या, त्याच्याबरोबर फीड लाइन, तिचा पोकळ बॅन्जो बोल्ट, गॅस्केट, तेल आणि ऑइल फिल्टर नवंच. इंजिनाच्या बुडाचा तेलाचा चेंबर उतरवून आतली जाळी बघा. ऑइलच्या गॅस्केटला सिलिकॉन लावू देऊ नका, जास्तीचं आत पिळून येतं आणि तेच भोक बुजवतं. परतीचा पाइप मोकळा आणि खाली उताराला हवा. ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी वाट, तुंबला असेल तर चांगला टर्बोपण तेल ओकतो आणि लोक म्हणतात सील गेलं. बसवल्यावर तेलाच्या भोकात पिचकारीनं तेल घाला, पंखा बोटानं फिरवा. मग गाडी चालू न करता नुसता स्टार्टर मारा, ऑइलचा लाइट विझेपर्यंत. आमच्याकडची पोरं बसवल्या बसवल्या रेस देऊन शिट्टी ऐकतात. तिथंच निम्मं आयुष्य संपलं.

जांबोटीची लेक
काकतीकर काका, रिकंडिशनचं नाव माझ्या बाबांसमोर काढू नका. त्यांची गाडी बेळगाव-पणजी भाड्यानं असते. दोन वर्षांपूर्वी टर्बो गेला, एका ठिकाणी आतलं कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट-पंख्याचा गाभा, बदलून दिलं. पंखा डगमगू नये म्हणून बॅलन्सिंग केलं म्हणाले, पण मशीनची चिठ्ठी मागितली तर नाही मिळाली. तीन महिन्यांनी कणकुंबीच्या अलीकडे इंजिन आपोआप ओरडायला लागलं. बाबांनी किल्ली काढून हातात घेतली तरी बंद होईना. टर्बोतलं तेल हवेच्या पाइपातून इंजिनात जात होतं आणि डिझेलऐवजी इंजिन तेच जाळत होतं. मागच्या सीटवर म्हापशाचे पाहुणे, त्यांना वाटलं आग लागली. बाबांनी ब्रेकवर उभं राहून पाचवा गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला, तेव्हा धक्का खाऊन बंद पडलं. ऑटोमॅटिक असती तर हेही जमलं नसतं.

तेव्हापासून आमच्याकडे कंपनीचाच. माझ्या मते पोट ज्या गाडीवर आहे तिच्यात डब्याचे पैसे द्यावेत. डब्याबरोबर निदान पावती आणि वॉरंटी येते.

उद्यमबागचा मिस्त्री
ताई, तुमचा राग कळतो. एकच विचारतो, पहिला टर्बो गेला तेव्हा टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर काढून उलटा केला होता का? त्यात जुनं तेल साठून राहतं. चढाला हवेचा जोर वाढला की ते सगळं एकदम आत जातं. मग दोष कार्ट्रिजचा की बसवणाऱ्याचा?

जांबोटीची लेक
उलटा केला की नाही ते आम्हाला कोण सांगणार? आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. हाच तर मुद्दा आहे मिस्त्री. बाहेर काम करायचं तर गिऱ्हाइकालाच अर्धं इंजिनिअर व्हावं लागतं.

चोर्ला एक्स्प्रेस
मोठ्या टर्बोच्या बाजूनं कोणच नाही व्हय? मी बसवलाय, रिमॅपसकट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून. हायवेला संकेश्वरच्या पुढं गाडी नुसती पळालीया. मिस्त्री लोकांना नवीन काही नकोच असतंय. आता माझ्या भावाच्या 1.2 साध्या पेट्रोलला टर्बो किट टाकायचं बघालोय.

उद्यमबागचा मिस्त्री
हायवेला पळणारच की लेका. घाटातलं सांग. तुझ्या नावात चोर्ला घाट हाय आणि उदाहरण संकेश्वरचं देतोस. मोठा पंखा फिरायला जास्त धूर लागतो. छोट्या इंजिनाला तो मिनिटाला 2,500 फेऱ्यांच्या खाली मिळत नाही, आणि घाटात वळणावर गाडी 1,500 ला असते. तिथं तुझी गाडी टर्बो नसल्यासारखीच. काकतीकर अण्णांनापण हेच. 90 वाल्याचा टर्बो वेगळ्या जातीचा, त्याच्या आतल्या पात्या हलतात आणि त्या हलवायचा हुकूम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, देतो. 75 वाल्याच्या ईसीयूला ती भाषाच येत नाही. कुणी जास्तीचा धूर बाजूला सोडणाऱ्या वेस्टगेटचा रॉड आवळून देतो म्हणालं तर तिथनं उठा. बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढतो, सेन्सर ओरडतो, गाडी लिम्प मोडला जाऊन स्वतःच जोर कमी करते आणि शाफ्टचे फेरे हद्दीबाहेर.

आणि भावाची पेट्रोल सोड बाबा. साध्या पेट्रोलचं कॉम्प्रेशन आधीच जास्त. वर हवा कोंबलीस तर नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकणं, होऊन पिस्टन फुटतील.

निपाणीकर
कायद्याचं कुणी बोलेना म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत 182अ आलं: मालकानं बेकायदा बदल केला तर दर बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझ्या समजुतीनं त्याच नंबरचा टर्बो बाहेरून घेऊन बसवणं ही दुरुस्ती झाली, त्याला हरकत नाही. मोठा टर्बो आणि रिमॅप हा बदल. पोलीस टर्बो खोलून बघत नाही हे मान्य, पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर बघतो.

चोर्ला एक्स्प्रेस
सर्व्हेअर येईल तेव्हा बघू. बरं, घाट चढून आल्यावर पाच मिनिटं गाडी चालू ठेवायची का नाही? त्यावर तरी एकमत करा.

उद्यमबागचा मिस्त्री
पाच मिनिटं कशाला, डिझेल फुकट हाय का? घाट संपल्यावर शेवटचे दोन किलोमीटर दमानं आलास तर अर्धं मिनिट पुष्कळ. दाबत येऊन तसाच किल्ली फिरवलीस तर आतलं तेल जागच्या जागी जळतं, त्याचीच ती काजळी. सकाळी चालू केल्यावर लगेच रेस नको. तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, आणि उसाच्या ट्रॅक्टरमागनं धूळ खात फिरणाऱ्यांनी एअर फिल्टर निम्म्या किलोमीटरला बघायचा. फिल्टर फाटका असला तर मातीचा कण पंख्याची पाती कानशीसारखी घासतो.

काकतीकर
काल उद्यमबागला गेलो होतो, मिस्त्रींकडं नाही, आमच्या नेहमीच्या पोराकडं. हवेचा पाइप काढायला लावला. पंखा बोटात धरून आडवा हलवला तर थोडा हलला. पोरगं म्हणालं तेवढं चालतं. मग पुढं-मागं ओढला तर चांगला टक् आवाज आला, आणि पात्यांची टोकं घासून चमकत होती. म्हणजे टर्बो गेलाच. पण बॅन्जो बोल्ट काढून उजेडाला धरला तर पलीकडचं दिसलं नाही. मी शेवटचं तेल कधी बदललं ते आठवायला लागलो, आणि पोरगं माझ्याकडं बघायला लागलं.

मोठ्या टर्बोचा नाद सोडला. ताई, तुमच्या बाबांसाठी कंपनीचा ठीक हाय, माझी गाडी आठवड्याला एकदा कोल्हापूरला जाते. मी त्याच नंबरचा, टर्बोवाल्याच्या डब्यातला घेणार. पुठ्ठ्याचं माझं म्हणणं अजून तेच हाय. लाइन, बोल्ट, फिल्टर, चेंबरची जाळी असं सगळं लिहून दिलंय. इंटरकूलर उलटा करताना मी बाकावर बसणार नाही.

जांबोटीची लेक
चिठ्ठी घ्या काका.

उद्यमबागचा मिस्त्री
आणि जुना टर्बो तिथं सोडून येऊ नका. घरी घेऊन जा. नाहीतर तोच पॉलिश होऊन दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यात बसतोय.