१५ लेकरं घेऊन मुंबईले बादशाहचा फालुदा खायला जायचं हाय, कोणी असं नेलं हाय का?

वाचनालय_आर्वीरोड

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात आम्ही चार-पाच जण मिळून लेकरायसाठी वाचनालय चालवतो, समाजमंदिराच्या एका खोलीत. पाचवी ते आठवीचे १५ लेकरं नेमानं येतात. उन्हाळ्यात कोणीतरी मोबाइलवर मुंबईच्या बादशाहचा व्हिडिओ दाखवला, क्रॉफर्ड मार्केटसमोरचं ते जुनं दुकान, उंच ग्लास, खाली सब्जा अन् शेवया, वरतून गुलाबी दूध, त्याच्यावर आइस्क्रीमचा गोळा, अन् तवापासून पोट्ट्यायच्या डोक्यात तेच बसलं हाय. समुद्र पाहाचा नाही म्हणत, गेटवे पाहाचा नाही म्हणत, तो फालुदा खायचा म्हणतात. गावातल्या लोकायनं वर्गणी द्यायचं कबूल केलं, आम्ही चार मोठे माणसं सोबत राहू (त्यात दोन बाया), दिवाळीच्या सुट्टीत न्यायचा विचार हाय. एसटीनं वर्धा, तिथून विदर्भ एक्सप्रेस.

गाडी, मुक्काम हे सारं करून घेऊ. मले खरी काळजी दुसरीच हाय. हे लेकरं हाटेलात बसले की मेनूकार्डात आधी भाव पाहतात. वर्ध्याले नेले होते तर सगळ्यायनं सगळ्यात स्वस्त जे होतं तेच मागतलं, अन् एका पोरीनं तर मले भूकच नाही म्हटलं अन् बाकीच्यायच्या प्लेटीकडं पाहत बसली. घरी पैशाची ओढाताण रोज पाहतात ना, त्याइले कोणाला खर्चात पाडावंसं वाटत नाही. मले वाटते की या एका दिवशी तरी प्रत्येकाच्या पुढं आपला आपला ग्लास असावा, दोघात एक नाही, अन् तो आरामात बसून खाता यावा, टेबल कवा खाली होते म्हणून कोणी डोक्यावर उभं नसावं. इतके लेकरं एकदम बसवतात का तिथं? कोणत्या वेळी जावं? अन् गर्दीत सांभाळायचे कसे?

धामणगावचा_मुंबईकर

दादा, मी मूळ धामणगावचा, आता मस्जिद बंदरला नोकरीला, बादशाह माझ्या रोजच्या रस्त्यावर. तुमची पोस्ट वाचून लगेच लिहायला बसलो.

आधी वेळेचं सांगतो. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आणू नका, क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास, लोहार चाळ हा सगळा भाग खरेदीवाल्यांनी इतका भरतो की मोठ्या माणसाला चालता येत नाही, लेकरांचा हात सुटला तर शोधणार कुठं. लक्ष्मीपूजन, भाऊबीज होऊ द्या, मग या. वार सोमवार ते शुक्रवारमधला घ्या आणि दुकानात दुपारी तीनच्या आसपास पोचा, जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळची सुरू व्हायची असते. सगळे १९ जण एका टेबलावर बसतील असं धरून चालू नका, चार-पाचच्या टोळ्या करा, प्रत्येक टोळीसोबत एक मोठं माणूस, म्हणजे जसजशी टेबलं मिळतील तसे बसत जाल. मी दोन दिवस आधी मॅनेजरला सांगून ठेवतो की गावाकडची लेकरं येणार आहेत.

सीएसएमटीहून टॅक्सी बिक्सी करू नका, दहा-पंधरा मिनिटं चालायचं. स्टेशनसमोरचा मोठा रस्ता भुयारी मार्गानं ओलांडा, वरून अजिबात नाही. मग डी. एन. रोडनं सरळ उत्तरेकडं. वाटेत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट लागतं, पुढं पोलीस आयुक्तालय, आणि क्रॉफर्ड मार्केटचं घड्याळाचं टॉवर लांबूनच दिसतं. लेकरांना गाडीतच सांगून ठेवा की कोणी मागं राहिलं तर कुठंही फिरायचं नाही, त्या टॉवरखाली किंवा पोलीस आयुक्तालयाच्या गेटशी थांबायचं. मार्केटच्या दर्शनी भागावर दगडात कोरलेली चित्रं आहेत, शेतकरी आणि गव्हाची कापणी, ती नक्की दाखवा, आपल्या पोरांना ती लगेच कळतील. मार्केट १८६९ चं आहे आणि बादशाह १९०५ पासूनचं, म्हणजे तुमच्या लेकरांच्या आज्यांच्या आधीपासून ते दुकान तिथं आहे.

सिताबर्डी_८७

राग मानू नका पण मला एक सांगा, एवढ्या लांब कशाला? वर्ध्याहून नागपूर दीड तासावर. हल्दीराममध्ये बसायला ऐसपैस जागा, संत्रा बर्फी आपल्या मातीतली, दिनशॉचं आइस्क्रीम तर १९३२ पासून नागपूरचं आहे. सकाळी निघून रात्री घरी. रात्रीचा प्रवास नाही, मुंबईची गर्दी नाही, आईबापांच्या जिवाला घोर नाही. आणि त्याच वर्गणीत १५ काय, गावातली ४० लेकरं जाऊन येतील. जी वाचनालयात येत नाहीत त्यांनी काय केलं? मला तर हेच जास्त न्यायाचं वाटतं.

वाचनालय_आर्वीरोड

तुमचं म्हणणं मनाला लागलं भाऊ, ४० लेकरायची गोष्ट खरी हाय अन् नागपूरची सहल आम्ही उन्हाळ्यात सगळ्या गावच्या लेकरायसाठी करूच, ते मी इथं सगळ्यायसमोर कबूल करतो. पण हे १५ लेकरं स्वतः काहीतरी मागून राह्यले. इतके दिवस आम्ही विचारलं की काय पाह्यजे, तर "तुम्ही म्हणान ते" एवढंच म्हणत. पहिल्यांदा त्याइनं नाव घेऊन, जागा सांगून, नकाशात बोट ठेवून सांगतलं की आम्हाले इथं जायचं हाय. तिथं मी त्याच्यासारखंच नागपुरात भेटते म्हटलं तर पुढच्या वेळी मागतीनच नाही.

आरोग्यसेविका_यवतमाळ

एक महत्त्वाची गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहते. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती आहे ते तुम्हाला माहीत असेल. निघायच्या आधी प्रत्येक लेकराच्या आईला एकटीला भेटून विचारा, तपासणी झाली का आणि कार्डावर काय लिहलं आहे. एएस असेल तर ते वाहक आहे, त्याला सहसा काही त्रास नसतो. एसएस असेल तर ते रुग्ण आहे, त्याची काळजी घ्यावी लागते, पण म्हणून त्याला घरी ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते, कारण असंच होते, कटकट नको म्हणून त्या लेकराचं नाव यादीतून आधी कटते आणि ते लेकरू आयुष्यभर खिडकीतून बाकीच्यांना जाताना पाहते.

काळजी म्हणजे काय, तर शरीरातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, जास्त थकवायचं नाही आणि थंडी लागू द्यायची नाही. या तिन्हींनी रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन नसांमध्ये अडकतात आणि असह्य दुखणं उठते. मुंबईत घाम खूप येते आणि लेकरं लघवीला कुठं जावं म्हणून पाणीच पित नाहीत, पोरी तर अजिबातच. म्हणून दर तासाला सगळ्यांनाच पाणी पाजा, एकट्या त्यालाच नाही, म्हणजे ते वेगळं पडणार नाही. गाडीत खिडकीच्या वाऱ्यात झोपवू नका, अंगावर चादर असू द्या. रोजची फॉलिक ॲसिडची गोळी आणि डॉक्टरांनी दुसरं काही दिलं असेल तर ते सोबत, मोठ्या माणसाच्या बॅगेत. फालुदा खाऊ द्यावा का, किती गार, हे त्याच्या डॉक्टरला जायच्या आधीच विचारून घ्या. बर्फ न घालता, थोडा वेळ ठेवून, हळूहळू खा असं डॉक्टरनं सांगितलं तर तसा त्याचा ग्लास आधीच सांगून ठेवता येईल. तिथं सगळ्यांसमोर "तू नको खाऊ" म्हणायची पाळी येऊ देऊ नका.

हातपाय, पाठ, छाती दुखते म्हणालं किंवा ताप आला तर पुढचं सगळं सोडून दवाखाना. जी. टी. हॉस्पिटल बादशाह आहे त्याच लोकमान्य टिळक मार्गावर आहे, सरकारी आहे.

बाकी, दूध न पचणारं एखादं लेकरू असते, तेही आईलाच माहीत असते. डायबेटिसचं इन्सुलिन घेणारं असेल तर त्याच्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय नेऊ नका. आणि परतीची गाडी संध्याकाळची असेल तर चारनंतर काही जड खाऊ घालू नका, रात्री डब्यात १५ पोटं दुखली तर चार माणसं पुरणार नाहीत.

वाचनालय_आर्वीरोड

ताई, लय उपकार झाले तुमचे. आमच्या यादीतली एक पोरगी एसएस हाय. तिची माय परवाच म्हणत होती की तिले राहू द्या, तुम्हाले कायले त्रास. उद्याच जाऊन सांगतो की ती येणार हाय, अन् डॉक्टरकडं मी सोबत जातो.

झेडपी_गुरुजी

तिकिटाचं बघा लवकर. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीनंतर मुंबईकडं परतणाऱ्यांची एवढी झुंबड असते की एक दिवस उशीर केला तर वेटिंग. एका तिकिटावर ६ जणच बसतात, म्हणजे तुमची चार तिकिटं होतील, प्रत्येक तिकिटावर निदान एक मोठं माणूस टाका, चारही वेगवेगळ्या डब्यात गेली तरी लेकरं एकटी पडणार नाहीत. १२ वर्षांखालच्याचं अर्धं तिकीट निघतं पण त्यात बर्थ मिळत नाही, रात्रभराच्या प्रवासाला बर्थ घ्यायचाच, आणि बर्थ घेतला की भाडं पूर्ण लागतं, वर्गणीचा हिशोब त्यावर धरा. जमलं तर गावच्या जिल्हा परिषद शाळेमार्फत अभ्याससहल म्हणून न्या, ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांना वर्षातून एकदा रेल्वेच्या सेकंड क्लासच्या भाड्यात मोठी सवलत असते, मुख्याध्यापकांचं पत्र आणि नावांची यादी लागते. मग तारीख सुट्टीतली न धरता डिसेंबर-जानेवारीची धरता येईल, गर्दीही कमी. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

प्रत्येक पालकाची सही असलेलं संमतीपत्र घ्या. लेकरांच्या गळ्यात नाव लिहिलेली ओळखपत्रं दिसतील अशी लटकवू नका, अनोळखी माणूस नावानं हाक मारू शकतो. खिशात चिठ्ठी ठेवा, त्यावर दोन मोठ्यांचे मोबाइल नंबर. १०९८ हा चाइल्डलाइनचा आणि १३९ रेल्वेचा, हे दोन्ही पाठ करून घ्या, पोरांना नंबर पाठ करायला आवडतात.

मायबोली_अचलपूर

मले भावाच्या गोष्टीवर बोलायचं हाय, कारण मी स्वतः तसली पोरगी होती. मेनूकार्ड पुढं आलं की मी आधी बाबाच्या चेहऱ्याकडं पाहो. म्हणून सांगतो दादा, मेनूकार्ड त्याइच्या हातात तिथं पहिल्यांदा देऊच नका. गावातच, वाचनालयात, फळ्यावर सगळ्या फालुद्यायचे नावं लिहजा, भाव लिहू नका. रॉयल फालुदा काय, केशर काय, आंबा काय, कशात काय राह्यते ते सांगजा. मग एकेकाले उठून आपलं नाव एका फालुद्यासमोर लिहाले लावजा. दोन दिवस फळा तसाच राहू द्या, मन बदललं तर बदलू द्या, ह्या बदलण्यातच तर मजा हाय. निघायच्या आधी यादी पक्की. दुकानात एका मोठ्या माणसानं ती यादी वेटरच्या हातात द्यायची अन् बिल दूरच्या काउंटरवर भरायचं, टेबलावर येऊ द्यायचं नाही. "खर्चाचं पाहू नका" असं तोंडानं म्हणू नका, तसं म्हटलं की लेकरं अजून पाहतात.

अन् एक, सब्जा घरी भिजवून एकदा दाखवजा. काही लेकरायले ते बुळबुळीत लागते अन् मग लाजेनं बोलत नाही, ग्लास तसाच राह्यते. ज्याले नाही आवडला त्याच्यासाठी यादीत साधं आइस्क्रीम लिहजा. लंबा चमचा खालपर्यंत घालून हलवायचं हेही तिथंच पाहून शिकतीन, ते शिकवू नका.

वाचनालय_आर्वीरोड

फळ्याची गोष्ट तर आजच करतो ताई. धामणगाववाले दादा, मेनूचा फोटो पाठवता का?

धामणगावचा_मुंबईकर

उद्या संध्याकाळी काढून पाठवतो, भावासकट, भाव फक्त तुमच्यासाठी. दिवसाचं असं करा. विदर्भ सकाळीच सीएसएमटीला येते, वेटिंग रूममध्ये तोंड-हात धुवा, नाश्ता करा, मग भायखळ्याला राणीच्या बागेत जा, पेंग्विन आहेत तिथं. सीएसएमटीहून लोकलनं तिसरं स्टेशन, आणि सकाळी गर्दी सगळी सीएसएमटीकडं येणारी असते, तुम्ही उलट दिशेनं जाल त्यामुळं डबा रिकामा मिळतो. बुधवार सोडून, बुधवारी बाग बंद असते. दोनपर्यंत परत, थोडा आराम, तीनला बादशाह, तिथं पावभाजीही मिळते पण सेविकाताईंचं ऐका, फालुदा एके फालुदा.

आइस्क्रीम सँडविचसाठी चर्चगेटला के. रुस्तम आहे, दोन वेफरच्या मधे आइस्क्रीमची वडी, फार छान असतं, पण बसायला जागा नाही, फुटपाथवर उभं राहून खावं लागतं, म्हणून या ग्रुपसाठी नको. जुहूला १९८४ मध्ये सुरू झालेलं नॅचरल्स आता मुंबईभर आहे, त्यांचं सीताफळाचं आइस्क्रीम सीझनमध्ये मिळतं, आणि ज्यांनी ते सुरू केलं ते रघुनंदन कामत एका फळविक्रेत्याचे चिरंजीव होते. आपल्याकडची पोरं रानात सीताफळं तोडतच मोठी होतात, त्यांना ही गोष्ट गाडीत सांगा. खाऊ नाही घातलं तरी चालेल, एका दिवसात एकच गोष्ट नीट होऊ द्या.

मी तीनला दुकानाबाहेर उभा असतो. माझी बायको पण येते म्हणतेय, पोरींना वॉशरूमला न्यायला एक बाई अजून असलेली बरी.

वाचनालय_आर्वीरोड

वहिनीले नमस्कार सांगजा. आज सायंकाळी मुख्याध्यापकाले भेटलो, शाळेमार्फत न्यायला ते तयार हाय, तारीख जानेवारीत धरू म्हणाले, संक्रांत झाली की. त्या पोरीच्या मायचा होकार झाला, बुधवारी डॉक्टरकडं जाऊन राह्यलो. फोटो आला की फळ्यावर लिहतो. बाकी कोणी त्या आठवड्यात सीएसएमटीकडं असान तर इथं लिहून ठेवजा, रस्ता ओलांडाले दोन हात जास्त लागतीनच.